लिनक्स बूट होत नाहीये? फॉरमॅट मारायच्या आधी सीएचरूट करून बघा

अपडेट चालू असताना लाईट गेली, किंवा बूट पार्टिशन भरलेलं होतं आणि नवीन कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, अर्धवटच बसला, किंवा बाजूला विंडोज टाकलं आणि ग्रब, म्हणजे लिनक्स उचलून चालू करणारा बूटलोडर, उडालं, कारण काही का असेना, मशीन चालू केलं की काळ्या स्क्रीनवर ग्रब रेस्क्यू येऊन थांबतं नाहीतर सरळ कर्नल पॅनिक, अनएबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन ब्लॉक. आणि कुणालाही विचारा, पहिला सल्ला एकच, फॉरमॅट मार ना, अर्ध्या तासात नवीन टाकून होतं. टाकून होतं की, पण नंतर डेटाबेस, प्रिंटर, व्हीपीएन, मराठी कीबोर्ड, क्रॉनमध्ये लावून ठेवलेले बॅकअप हे सगळं परत बसवण्यात किती दिवस जातात ते कोणी सांगत नाही. खरं तर अशा वेळी डिस्कवरच्या फाइल्स बहुतेक वेळा जागच्या जागी असतात, बिघडलेलं असतं ते बूटच्या साखळीतलं एखादं कडं, इनिटरॅमएफएसची (बूटच्या सुरुवातीला मेमरीत उतरणारी छोटी फाइलसिस्टिम) एक फाइल किंवा ग्रबची एक सेटिंग. ते दुरुस्त करणारी टूल्ससुद्धा त्याच डिस्कवर पडलेली असतात, फक्त ती चालवायला सिस्टिम चालू पाहिजे आणि सिस्टिम तर चालू होत नाहीये. इथे सीएचरूट कामाला येतं, म्हणजे पेनड्राइव्हवरून दुसरं लिनक्स चालू करायचं आणि तिथून आपल्या डिस्कवरच्या सिस्टिमच्या आत शिरायचं.

आधीच सांगून ठेवतो, खालच्या सगळ्या कमांड देवनागरीत लिहिल्यात, फोनवर एखाद्याला सांगाव्या तशा. टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्मॉल लेटर्स, जिथे कॅपिटल लागतं तिथे तसं सांगितलंय. एमएनटी, एलएसबीएलके असं दिसलं की एकेक अक्षर, माउंट, बाइंड, रूट हे पूर्ण शब्द, आणि डेव्ह म्हणजे डी ई व्ही, प्रॉक म्हणजे पी आर ओ सी, सिस म्हणजे एस वाय एस. सीएचरूट म्हणजे सी एच आणि त्याला चिकटून रूट.

हे नेमकं करतं काय

सीएचरूट ही खूप जुनी गोष्ट आहे, १९७९ च्या युनिक्स व्हर्जन ७ मध्ये ती आली. काम अगदी छोटं आहे. कर्नल प्रत्येक प्रोसेसबद्दल दोन जागा लक्षात ठेवतो, एक म्हणजे तुम्ही आत्ता कुठल्या डिरेक्टरीत उभे आहात आणि दुसरी म्हणजे तुमच्यासाठी स्लॅश, म्हणजे रूट, कुठे आहे. स्लॅशने सुरू होणारा कुठलाही पाथ दिला की कर्नल त्या दुसऱ्या जागेपासून शोधायला लागतो. सीएचरूट फक्त ती दुसरी नोंद बदलतं, बास. मग तुम्ही स्लॅश ईटीसी म्हणालात की तो पेनड्राइव्हवरच्या लाइव्ह सिस्टिमचा ईटीसी न बघता तुमच्या डिस्कवरचा ईटीसी बघतो, ग्रब-इन्स्टॉल म्हणालात की तुमच्या डिस्कवरचं ग्रब-इन्स्टॉल चालतं.

गंमत म्हणजे रोजच्या बूटमध्येही असंच काहीतरी होतच असतं. ग्रब कर्नल आणि इनिटरॅमएफएस मेमरीत आणतं, कर्नल आधी त्या मेमरीतल्या छोट्या रूटवर उभा राहतो, तिथली स्क्रिप्ट डिस्कचे ड्रायव्हर लोड करते, एनक्रिप्शन असेल तर पासवर्ड विचारते, खरं रूट पार्टिशन माउंट करते, म्हणजे एका फोल्डरला जोडते, आणि मग स्विच-रूट नावाचा प्रोग्राम रूट तिकडे सरकवून सिस्टिमडी (बाकीच्या सगळ्या सर्व्हिस उठवणारा प्रोग्राम) चालू करतो. तुमचं मशीन अडकलंय ते बहुतेक वेळा याच सरकवण्याच्या आधी. आपण तेच काम हाताने करणार आहोत, फक्त मेमरीतल्या रूटऐवजी पेनड्राइव्हवरून.

आता एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, पुढच्या निम्म्या अडचणी त्यातून आपोआप सुटतात. सीएचरूटमध्ये गेल्यावर फाइल्स तुमच्या डिस्कच्या असतात, पण कर्नल पेनड्राइव्हचाच चालू असतो. घर तुमचं, पण लाईट शेजाऱ्याकडून वायर ओढून घेतलेली. म्हणून डेव्ह, प्रॉक, सिस हे कर्नलने बनवलेले फोल्डर तुमच्या डिस्कवर रिकामे दिसतात आणि ती वायर आपल्याला ओढावी लागते, म्हणून यूनेम दिलं की पेनड्राइव्हच्या कर्नलचं व्हर्जन येतं, आणि म्हणून ३२ बिटच्या पेनड्राइव्हवरून ६४ बिटच्या सिस्टिममध्ये शिरता येत नाही, एक्झेक फॉरमॅट एरर येतो.

थांबा, लागतंय का खरंच?

बरेच जण उगाच पेनड्राइव्ह बनवत बसतात. आधी हे बघून घ्या. ग्रबचा मेनू येत असेल तर अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन जुना कर्नल निवडा, चालू झालं तर तिथूनच नवीन कर्नल नीट करता येतो, बाहेरून काही करायची गरज नाही. उबुंटू जर इनिटरॅमएफएस अशा कंसातल्या प्रॉम्प्टवर येऊन थांबला असेल आणि वर मॅन्युअल एफएससीके (फाइलसिस्टिमची तपासणी) मागत असेल तर तिथेच एफएससीके आणि पार्टिशनचं नाव द्या, झाल्यावर एक्झिट म्हणा, बहुतेक वेळा तेवढ्यावर मशीन चालू होतं. एफएसटॅबमध्ये (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं त्याची यादी) चुकीचा यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा ओळख क्रमांक, पडल्यामुळे इमर्जन्सी मोड येत असेल तर ती नुसती टेक्स्ट फाइल आहे, तिथूनच किंवा लाइव्ह पेनड्राइव्हवरून उघडून ओळ सुधारा. ती ओळ एखाद्या जास्तीच्या डिस्कची असेल तर ऑप्शन्समध्ये नोफेल घाला म्हणजे ती डिस्क नसली तरी बूट अडणार नाही.

आणि विंडोज टाकल्यावर किंवा त्याच्या अपडेटनंतर लिनक्स गायब झालं असेल तर यूईएफआय (बायोसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर) मशीनवर बहुधा फक्त बूट ऑर्डर बदललेली असते, बायोसच्या बूट मेनूत उबुंटू किंवा फेडोरा दिसतंय का बघा, दिसत असेल तर वर आणा, संपलं काम. जुन्या एमबीआर पद्धतीच्या मशीनवर मात्र विंडोजने पहिल्या सेक्टरवरचं ग्रब खरंच पुसलेलं असतं, तिथे पुढचं सगळं लागेल.

सीएचरूट लागतंच अशी कामं म्हणजे इनिटरॅमएफएस परत बनवणं, ग्रब परत बसवणं, अर्धवट राहिलेलं अपडेट पूर्ण करणं, खराब झालेलं एखादं पॅकेज परत टाकणं. थोडक्यात जिथे तुमच्या सिस्टिमची स्वतःची टूल्स तिच्याच सेटिंग वाचून चालली पाहिजेत तिथे.

पेनड्राइव्ह

कुठल्याही लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह चालतो, उबुंटू दुरुस्त करायला उबुंटूच पाहिजे असं काही नाही, फक्त प्रोसेसरचा प्रकार सारखा हवा आणि लाइव्ह सिस्टिम फार जुनी नको, कारण जुन्या कर्नलला तुमच्या फाइलसिस्टिमची नवी फीचर्स ओळखता येत नाहीत. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये रेस्क्यू मोड असतो आणि तो रूट पार्टिशन विचारून थेट त्याच्या आत शेल, म्हणजे कमांड टाइप करायची जागा, उघडून देतो. रेड हॅट घराण्यातल्या इन्स्टॉलरमध्येही ट्रबलशूटिंगखाली रेस्क्यू आहे, तोही पार्टिशन स्वतः शोधून माउंट करून देतो. आर्चच्या पेनड्राइव्हवर आर्च-सीएचरूट नावाची स्क्रिप्ट असते, ती डेव्ह-प्रॉक-सिसचं सगळं स्वतः करते आणि ती दुसऱ्या डिस्ट्रोसाठीही वापरता येते. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा तरी हाताने करा, म्हणजे स्क्रिप्ट अडली की कुठे अडली ते कळतं.

बूट करताना एक काळजी, तुमची सिस्टिम यूईएफआय मोडमध्ये बसवलेली असेल तर पेनड्राइव्हसुद्धा यूईएफआय मोडमध्येच बूट झाला पाहिजे. बूट मेनूत बऱ्याचदा एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकाच्या पुढे यूईएफआय लिहिलेलं असतं, तो निवडा. चालू झाल्यावर टर्मिनलमध्ये बघा

एलएस /सिस/फर्मवेअर/ईएफआय

फोल्डर असेल तर बरोबर आलात, नो सच फाइल आलं तर रीस्टार्ट करून दुसरा पर्याय निवडा. लोक इथे दुर्लक्ष करतात आणि तासाभराने ग्रब-इन्स्टॉल ईएफआय व्हेरिएबल्स सापडत नाहीत म्हणून ओरडतं. कारण तेच, कर्नल पेनड्राइव्हचा आहे आणि त्याला फर्मवेअरशी बोलायचा रस्ताच मिळालेला नाही.

पार्टिशन ओळखा, घाई नको

सुडो -आय करून आधी रूट व्हा, प्रत्येक कमांडला सुडो लावत बसू नका. मग

एलएसबीएलके -एफ

यात डिस्क, पार्टिशन, फाइलसिस्टिम, यूयूआयडी सगळं झाडासारखं दिसतं. साटा डिस्क असेल तर एसडीए१, एसडीए२ अशी नावं, एनव्हीएमई असेल तर लांबलचक एनव्हीएमई०एन१पी२ असं. पेनड्राइव्हसुद्धा यात असतो, साइज बघून तो वेगळा काढा. व्हीफॅट असलेलं काहीशे एमबीचं पार्टिशन म्हणजे बहुधा ईएफआय (यूईएफआय जिथून बूट उचलतं ते), ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस किंवा बीटीआरएफएस असलेलं मोठं पार्टिशन म्हणजे रूट, आणि मधेच साधारण एक जीबीचं ईएक्सटी४ दिसलं तर ते वेगळं बूट पार्टिशन असू शकतं. डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये स्टोरेजचा मोड एएचसीआय सोडून रेडवर (आर ए आय डी) किंवा व्हीएमडीवर गेलाय का बघा. आधी एएचसीआयवर चालत होतं आणि बायोस रीसेट झाल्यावर मोड बदलला असेल तर तो परत केला की काम झालं, सीएचरूट करायलाच नको.

फाइल मॅनेजरमध्ये डिस्कवर क्लिक केलं असेल तर ती मीडिया फोल्डरखाली आपोआप माउंट झालेली असते, नोडेव्ह आणि नोसुइड लावून. तसंच तिच्यात सीएचरूट करायला जाऊ नका, आधी तिथून इजेक्ट करा आणि आपण हाताने माउंट करू.

लाईट जाऊन मशीन बंद पडलं असेल तर माउंट करायच्या आधी तपासणी. ईएक्सटी४ असेल तर ई२एफएससीके -एफ आणि पार्टिशन. एक्सएफएसवर एफएससीके काहीच करत नाही, ते फक्त हो म्हणून बाहेर पडतं, तिथे एक्सएफएस अंडरस्कोअर रिपेअर लागतं. बीटीआरएफएसवर चेकला रिपेअर ऑप्शन लावून चालवायची हौस करू नका, ते शेवटचं हत्यार आहे. आणि माउंट असलेल्या पार्टिशनवर यातलं काहीही चालवायचं नाही.

आता एनक्रिप्शन आणि एलव्हीएम (डिस्कची जागा हवी तशी व्हॉल्यूममध्ये वाटणारी व्यवस्था), इथे जरा रेंगाळतो कारण लॅपटॉपवर हल्ली हे सर्रास असतं. एलएसबीएलकेमध्ये क्रिप्टो लक्स दिसलं तर आधी कुलूप उघडावं लागेल

क्रिप्टसेटअप ओपन /डेव्ह/एसडीए३ तात्पुरतं

शेवटचा शब्द म्हणजे उघडलेल्या डिस्कला दिलेलं नाव, ते काहीही चालतं असं वाटतं आणि माउंट होईपर्यंत चालतंही, पण इनिटरॅमएफएस परत बनवायची असेल तर ते नाव तुमच्या डिस्कवरच्या क्रिप्टटॅब फाइलमध्ये जे आहे तेच हवं. डेबियन-उबुंटूची स्क्रिप्ट चालू असलेलं नाव क्रिप्टटॅबमध्ये शोधते, सापडलं नाही तर एक वॉर्निंग देते आणि पुढे जाते, आणि तयार झालेल्या इनिटरॅमएफएसमध्ये पासवर्ड विचारायची सोयच नसते. म्हणजे तुम्ही दुरुस्त करायला गेलात आणि होतं त्यापेक्षा वाईट झालं. म्हणून आधी कुठल्याही नावाने उघडा, माउंट करा, कॅट करून ईटीसीमधली क्रिप्टटॅब बघा, पहिल्या कॉलममधलं नाव लिहून घ्या, सगळं बंद करा आणि त्या नावाने परत उघडा. दोन मिनिटांचं काम आहे.

एलव्हीएम असेल तर व्हीजीचेंज -एवाय दिलं की व्हॉल्यूम जागे होतात आणि डेव्ह मॅपरखाली दिसायला लागतात.

माउंट

समजा रूट एसडीए२ वर आहे आणि ईएफआय एसडीए१ वर

माउंट /डेव्ह/एसडीए२ /एमएनटी
माउंट /डेव्ह/एसडीए१ /एमएनटी/बूट/ईएफआय

वेगळं बूट पार्टिशन असेल तर ते एमएनटी बूटवर, आणि ते ईएफआयच्या आधी, क्रम महत्त्वाचा आहे कारण ईएफआय त्याच्या पोटात बसतं. हे विसरलं तर काय होतं बघा, नवीन कर्नल आणि इनिटरॅमएफएस मोठ्या ऐटीत रूट पार्टिशनवरच्या रिकाम्या बूट फोल्डरमध्ये तयार होतात, कमांड यशस्वी म्हणते, रीस्टार्ट केलं की खरं बूट पार्टिशन त्याच्यावर येऊन बसतं आणि तुमची मेहनत खाली झाकली जाते, एरर जिथल्या तिथे. म्हणून माउंट केल्यावर एमएनटी ईटीसी एफएसटॅब उघडून बघा, त्यात रूट, बूट, ईएफआय, यूएसआर, व्हार जे जे वेगळं लिहिलंय ते सगळं माउंट झालंय का. तुमची सिस्टिम कशी जोडायची याचा नकाशा तीच फाइल आहे.

बीटीआरएफएसवर नुसतं माउंट केलं की ईटीसी, यूएसआर दिसायच्या ऐवजी अॅट आणि अॅट होम असे दोनच फोल्डर दिसतात, घाबरू नका, ते सबव्हॉल्यूम आहेत. उबुंटूवर माउंट -ओ सबव्हॉल=@ असं द्यायचं, फेडोरावर त्याच सबव्हॉल्यूमचं नाव रूट असतं.

मग कर्नलची वायर ओढायची

माउंट --आरबाइंड /डेव्ह /एमएनटी/डेव्ह
माउंट --मेक-आरस्लेव्ह /एमएनटी/डेव्ह

अशीच जोडी प्रॉक, सिस आणि रन यांच्यासाठी, एकूण आठ ओळी होतील. नुसत्या बाइंडनेही बरंच चालतं, पण त्यात पोटातली माउंट येत नाहीत, म्हणजे सिस आलं तरी त्याच्या आतलं ईएफआयव्हार्स रिकामंच, आणि ग्रबला तेच तर हवं असतं. आरबाइंड सगळं घेऊन येतं. आणि आरस्लेव्ह कशाला, तर शेवटी आपण सगळं यूमाउंट करू तेव्हा त्याचा धक्का पेनड्राइव्हच्या चालू सिस्टिमला बसू नये म्हणून, नाहीतर तिचं स्वतःचं डेव्ह पीटीएस निघून जातं आणि नवीन टर्मिनल उघडेना म्हणून तुम्ही डोकं खाजवत बसता. रन बरेच जण सोडून देतात. ते असलं की दोन फायदे, यूडेव्हची (डिव्हाइसची नोंद ठेवणारा प्रोग्राम) माहिती आत मिळते, एलव्हीएम असेल तर ग्रब कमी कुरकुर करतं, आणि उबुंटूमध्ये रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ हा रनमधल्या एका फाइलकडे बोट दाखवणारा सिमलिंक असल्यामुळे आतून नेटही चालतं. नेट चालत नसेल तर पेनड्राइव्हवरची रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ आत माउंट --बाइंड करा, कॉपी करून तुमची मूळची उडवू नका.

आणि आता

सीएचरूट /एमएनटी /बिन/बॅश

शेवटचं बिन बॅश आवर्जून लिहा. ते नाही लिहिलं तर सीएचरूट तुमच्या आत्ताच्या शेलचं नाव उचलतं, आर्च किंवा कालीच्या पेनड्राइव्हवर ते झेडएसएच असतं, तुमच्या डिस्कवर झेडएसएच नसेल तर नो सच फाइल ऑर डिरेक्टरी. बॅश लिहूनसुद्धा हाच एरर आला तर चुकीचं पार्टिशन माउंट केलंय किंवा यूएसआर वेगळं आहे आणि ते जोडायचं राहिलंय.

आत गेल्यावर

प्रॉम्प्ट दिसायला जवळपास तसाच दिसतो, म्हणून आपण कुठे आहोत याची खात्री करा, कॅट /ईटीसी/होस्टनेम, तुमच्या मशीनचं नाव आलं पाहिजे. मग डीएफ -एच करून बूट आणि रूट भरलंय का बघा. भरलेल्या बूटमुळेच इनिटरॅमएफएस अर्धवट लिहिली गेली असेल तर जागा न करता परत बनवून तीच रड. एलएस -एलएच /बूट दिलं की फाइलचे साइज दिसतात, एखादी इनिटआरडी (इनिटरॅमएफएसच्या फाइलचं नाव) शून्य साइजची किंवा बाकीच्यांपेक्षा फारच लहान असेल, नाहीतर कर्नल आहे पण त्याच्या जोडीची इनिटआरडीच नाही, तर गुन्हेगार सापडला. वर म्हटलेला अननोन ब्लॉकवाला पॅनिक बहुधा यातूनच येतो, कर्नल उठला पण डिस्कचे ड्रायव्हर ज्या फाइलमध्ये होते ती फाइलच मिळाली नाही.

डेबियन, उबुंटू, मिंट वगैरेंवर आधी अर्धवट काम पूर्ण करा, डीपीकेजी --कॉन्फिगर -ए आणि मग एपीटी -एफ इन्स्टॉल. कित्येकदा याच दोन कमांड स्वतःच इनिटरॅमएफएस आणि ग्रब नीट करून देतात. नाही झालं तर

अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल
अपडेट-ग्रब

जी फाइल मुळातच नाहीये ती यू ने अपडेट होणार नाही, तिच्यासाठी यू च्या जागी सी आणि ऑलच्या जागी कर्नलचं व्हर्जन. व्हर्जन कुठून घ्यायचं, तर एलएस /लिब/मॉड्यूल्स मधून. यूनेम -आर मधून अजिबात घेऊ नका, ते पेनड्राइव्हचं आहे. फेडोरावाले नेमके इथेच फसतात, ड्राकट -एफ नुसतं दिलं की ते चालू कर्नलचं व्हर्जन धरतं, म्हणजे पेनड्राइव्हचं, आणि तुमच्या डिस्कवर त्या व्हर्जनचे मॉड्यूल नसतात. तिथे ड्राकट -एफ --रीजनरेट-ऑल द्या. आर्चवर एमकेइनिटसीपीआयओ -पी, पी कॅपिटल.

ग्रब परत बसवायचं असेल तर जुन्या बायोस पद्धतीत ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए, पूर्ण डिस्क द्यायची, पुढचा आकडा नाही. यूईएफआयवर डेबियन-उबुंटूत नुसतं ग्रब-इन्स्टॉल दिलं तरी पुरतं, ईएफआय पार्टिशन जागेवर माउंट असलं की ते स्वतः शोधतं. फेडोरा आणि रेड हॅटवर यूईएफआय असेल तर ग्रब२-इन्स्टॉल वापरू नका, त्याने बनवलेल्या फाइलवर सही नसते आणि सिक्युअर बूट ती नाकारतं, तिथे डीएनएफने शिम आणि ग्रब२-ईएफआय ही पॅकेजेस रीइन्स्टॉल करायची, सही केलेल्या फाइल्स आपोआप जागेवर बसतात. अपडेट-ग्रबनंतर मेनूत विंडोज दिसेना तर ते बिघडलेलं नाही, ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारं ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेलं असतं, ईटीसी डिफॉल्ट ग्रबमध्ये ग्रब डिसेबल ओएस प्रोबर फॉल्स करा, नाव सगळं कॅपिटलमध्ये आणि मधे अंडरस्कोअर, आणि अपडेट-ग्रब परत चालवा.

सर्व्हिस चालू करायला जाल तर सिस्टिमसीटीएल सांगेल की मी सीएचरूटमध्ये आहे, स्टार्ट वगैरे दुर्लक्षित करतोय. बरोबरच आहे, तुमच्या डिस्कवरचं सिस्टिमडी चालूच नाहीये, चालू आहे ते पेनड्राइव्हचं. एनेबल आणि डिसेबल मात्र चालतं कारण ते फक्त सिमलिंक बनवायचं काम आहे, बूट अडवणारी एखादी सर्व्हिस असेल तर इथून डिसेबल करता येते.

एसई-लिनक्स (फाइलच्या लेबलवरून परवानगी ठरवणारी सुरक्षा) असलेल्या सिस्टिमवर बाहेर पडण्याआधी टच /.ऑटोरीलेबल करा. लाइव्ह पेनड्राइव्हवरून बदललेल्या फाइल्सना त्यांची लेबलं लागत नाहीत, आणि पासवर्ड बदलला असेल तर शॅडो फाइलचं लेबल चुकल्यामुळे बरोबर पासवर्ड टाकूनही लॉगिन होत नाही. पुढचं बूट लेबलं लावण्यात जरा जास्त वेळ घेईल, मधेच बंद करू नका.

नुसता पासवर्ड विसरलाय?

मग रेड हॅट, अल्मा, रॉकी, फेडोरा यांच्यावर पेनड्राइव्हसुद्धा लागत नाही. ग्रबच्या मेनूत ई दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी आरडी.ब्रेक लिहा, कंट्रोल एक्स. बूट बरोबर रूट सरकवायच्या आधी थांबतं, तुमचं खरं रूट सिसरूट या फोल्डरवर रीड-ओन्ली माउंट झालेलं असतं

माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /सिसरूट
सीएचरूट /सिसरूट
पासडब्ल्यूडी
टच /.ऑटोरीलेबल

आणि दोनदा एक्झिट. डेबियन घराण्यात याच ओळीवर ब्रेक=बॉटम लिहिलं तर तसंच थांबतं, तिथे खरं रूट स्लॅश रूटवर असतं. हे इतकं सोपं आहे म्हटल्यावर लक्षात आलं असेलच, ज्याच्या हातात मशीन आहे तो आत शिरू शकतो, त्यामुळे ऑफिसच्या लॅपटॉपवर डिस्क एनक्रिप्शन ठेवाच. आणि उलट बाजूने, सीएचरूटला कुणी सिक्युरिटीची भिंत समजू नये, आत रूट असलेला प्रोसेस बाहेर पडू शकतो. फ्रीबीएसडीने २००० साली ४.० मध्ये जेल (प्रोसेस खरोखर कोंडून ठेवणारी सोय) आणलं ते त्यासाठीच.

फ्रीबीएसडीचं नाव निघालंच आहे तर, तिथे रूट सापडलं नाही की माउंटरूट असा प्रॉम्प्ट येतो, प्रश्नचिन्ह दिलं की डिस्कची यादी मिळते, आणि यूएफएस:/डेव्ह/एडीए०पी२ असं लिहून जागेवरच रूट सांगता येतं. पेनड्राइव्हवरून जायचं आणि झेडएफएस असेल तर झेडपूल इम्पोर्ट -एफ -आर /एमएनटी झेडरूट, आर कॅपिटल, म्हणजे पूलमधलं सगळं एमएनटीखाली लागतं, फक्त रूटचा डेटासेट आपोआप माउंट होत नाही, झेडएफएस माउंट झेडरूट/रूट/डिफॉल्ट हाताने द्यावं लागतं, यातलं मधलं रूट कॅपिटलमध्ये. डेव्हसाठी बाइंड वगैरे काही नाही, माउंट -टी डेव्हएफएस डेव्हएफएस /एमएनटी/डेव्ह. सोलारिस १० ची मशीन अजून कुणाच्या नशिबी असतील तर फेलसेफ बूटमध्ये रूट स्लॅश ए वर मिळतं.

बाहेर पडताना

एक्झिट, मग सीडी / करून एमएनटीच्या बाहेर या, आणि

यूमाउंट -आर /एमएनटी

आर कॅपिटल, आणि यूमाउंटमध्ये एन नाही, यू च्या पुढे थेट माउंट. टार्गेट इज बिझी आलं तर दुसऱ्या कुठल्या टर्मिनलमध्ये तुम्ही आतच उभे असाल, नाहीतर फ्यूजर -व्हीएम /एमएनटी कोण अडवतंय ते सांगतं. काहीच जमेना तर सिंक देऊन रीबूट करा, चालतं, पण पॉवर बटण दाबून धरू नका, आत्ताच लिहिलेली इनिटरॅमएफएस डिस्कवर पोचलीच नसेल तर सगळं पहिल्यापासून.

रीबूट करताना पेनड्राइव्ह काढा. तोच जुना एरर आला तर यूईएफआय मशीनवर आधी बूट मेनूत जाऊन नक्की कुठली एन्ट्री चालतेय ते बघा, कधी कधी जुन्या इन्स्टॉलची मेलेली एन्ट्री वर बसलेली असते आणि तुम्ही दुरुस्त केलेलं ग्रब खाली वाट बघत असतं. ईएफआयबूटएमजीआर कमांडने यादी बघता येते आणि -ओ देऊन क्रम बदलता येतो, मेलेली एन्ट्री -बी नंबर -बी अशी काढतात, पहिला बी स्मॉल आणि दुसरा कॅपिटल. एरर वेगळा आला असेल तर मात्र तो नीट वाचा, मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारण साखळी एक कडं पुढे सरकलीये आणि आता दुरुस्ती त्या पुढच्या कड्याची करायचीये, पेनड्राइव्ह लावून परत माउंटपासून.